प्रोग्रॅमला हात लावण्याआधी

तुमचा कन्व्हेयर (माल वाहणारा पट्टा) अधूनमधून आपोआप थांबतो, रीसेट केला की चालतो, म्हणून पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड करा, हा तुम्हाला कुणीतरी दिलेला सल्ला काही पटला नाही. काल नीट चाललेली लॅडर (पीएलसीतला प्रोग्रॅम) आज आपली आपण बदलत नाही. संशय आधी वायरिंगवर घ्या. शिवाय डाउनलोड करताना टायमर-काउंटरच्या जपलेल्या व्हॅल्यू उडाल्या तर ते निस्तरणं वेगळंच.

खरी अडचण अशी की लॅपटॉप लावेपर्यंत सगळे इनपुट (स्विच-सेन्सरकडून पीएलसीत येणारे सिग्नल) पुन्हा जागेवर आलेले असतात आणि पट्टा कशामुळे थांबला ते दिसत नाही. म्हणून इमर्जन्सी, ओव्हरलोड, पुल कॉर्ड (पट्ट्याशेजारची, ओढली की पट्टा थांबवणारी दोरी), झीरो स्पीड (पट्टा फिरतोय का ते बघणारा सेन्सर) या प्रत्येकासाठी प्रोग्रॅममध्ये एक लॅच बिट (एकदा सेट झाला की रीसेट करेपर्यंत तसाच राहणारा) ठेवा आणि पहिला बिट सेट झाला की बाकीचे अडवा. नाहीतर पट्टा थांबल्यावर झीरो स्पीडही जातोच आणि बिचाऱ्या सेन्सरवर आळ येतो!

समजा पहिला बिट पुल कॉर्डचा निघाला. स्विच बदलायची घाई नको. मोटरचा सप्लाय तोडून लॉक करा, फक्त कंट्रोल सप्लाय चालू ठेवा, एकाला इनपुटच्या एलईडीकडे बघत बसवा आणि दुसऱ्याने स्विचची केबल, जंक्शन बॉक्स हलवून पाहावा. कंपनांनी ढिला झालेला स्क्रू किंवा बॉक्समध्ये शिरलेलं पाणी बऱ्याचदा इथेच सापडतं. तोवर स्विचला बायपास टाकून (स्विच वगळून) चालवू, असं प्रॉडक्शनवाले म्हणणारच, ऐकू नका.

पीएलसीचं इनपुट कार्ड (हे सिग्नल घेणारा भाग) २४ व्होल्ट डीसीचं आहे की ११० व्होल्ट एसीचं, तेवढं कळवा.