तक्रार ‘निकाली’, खड्डा जिथल्या तिथे! माहिती अधिकारात नेमकं काय विचारू?

मंडळी, मदत हवी आहे. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणला आणि नुसती माती लोटून बुजवला. पहिल्याच पावसात खचला. परवा शेजारच्या काकू स्कूटरसकट आत! आता कुणीतरी त्यात झाडाची फांदी रोवलीय, तोच आमचा सूचनाफलक.

पालिकेच्या अ‍ॅपवर फोटोसकट दोनदा तक्रार केली, दोन्हीदा ‘निकाली’. वॉर्ड ऑफिसात रस्तेवाले पाणीपुरवठ्याकडे पाठवतात, ते ठेकेदाराकडे.

आता १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवावा लागतो. खोदाईची परवानगी आणि तक्रार बंद करताना काढलेला फोटो मागणार आहे. आणखी काय मागू? कुणाकडे जुन्या अर्जाचा नमुना आहे का?