साडेतीन की चार? क्लास अ‍ॅक्शन दाव्यांनी गिऱ्हाइकाचं नेमकं काय भलं होतं?

पाटीपेन्सिल:
परवा जुन्या ग्राफिक्स कार्डांबद्दल वाचत बसलो होतो, तेव्हा एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० ची गोष्ट पुन्हा समोर आली. ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०१४ मध्ये हे कार्ड ३२९ डॉलरला बाजारात आलं. खोक्यावर ४ जीबी मेमरी. जानेवारी २०१५ मध्ये काही चिकित्सक मंडळींच्या लक्षात आलं की साडेतीन जीबीच्या पुढे गेलं की कार्ड अडखळतं. मग कंपनीने सांगितलं की मेमरीचे दोन भाग आहेत, साडेतीन जीबी वेगवान आणि अर्धा जीबी संथ. समीक्षकांना दिलेल्या माहितीतही आरओपी (चित्राचे ठिपके शेवटी मांडणारे चिपमधले भाग) ६४ लिहिले होते, निघाले ५६. अमेरिकेत क्लास अ‍ॅक्शन झाली, म्हणजे चारदोन ग्राहकांनी सगळ्या ग्राहकांच्या वतीने दावा लावला, आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. कार्डामागे ३० डॉलर.

माझं म्हणणं सरळ आहे. हा वकिलांचा धंदा आहे, गिऱ्हाइकाच्या हातावर तुरी देतात. पेंटियम ४ च्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांमध्ये, हेराफेरी केल्याचा इंटेलवरचा दावा कित्येक वर्षं चालला, त्यात तडजोड झाली २०१४ मध्ये आणि मिळाले १५ डॉलर. तोवर तो संगणक भंगारात जाऊनही दहा वर्षं झाली असतील. त्याआधी जुन्या काचेच्या मॉनिटरांचं प्रकरण. जाहिरातीत नळीची मापं, दिसणारं चित्र त्याहून लहान. तिथे ६ डॉलर रोख किंवा नव्या खरेदीवर १३ डॉलरची सूट. म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याच दुकानात परत जायचं. आणि कहर म्हणजे २००६ चं वेस्टर्न डिजिटल. डिस्कवर जागा कमी भरते ही तक्रार, आणि भरपाई काय, तर बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट. जागा कमी पडली ना, घ्या, ती भरायचं साधन!

तुम्हाला काय वाटतं?

कज्जेदलाल:
पाटीपेन्सिल, तुम्ही माप चुकीच्या टोकाने धरलंय. तुमच्या खिशात किती आले हे मोजताय, समोरच्याच्या खिशातून किती गेले ते बघा. एकट्याने ३० डॉलरसाठी कोर्टाची पायरी चढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी २००४ च्या एका निकालात हेच सांगितलंय: क्लास अ‍ॅक्शन नाकारली तर १ कोटी ७० लाख लोक वेगवेगळे दावे लावणार नाहीत, एकही लावणार नाही, कारण ३० डॉलरसाठी एक तर वेडा भांडतो नाहीतर माथेफिरू.

शिवाय हे दावे इतके फुसके असते तर कंपन्यांनी ते टाळायला एवढा आटापिटा केला असता का? २०११ चा एटीअँडटी विरुद्ध कन्सेप्सिऑन खटला बघा. 'फुकट' म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर लावला होता. (पुन्हा तीसच! या आकड्याला काहीतरी शाप आहे.) सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा कौल दिला की करारात लवादाची अट घालून कंपनी सामूहिक दावाच बंद करू शकते. तेव्हापासून 'मान्य आहे' या बटणाखाली ती अट असतेच असते. निरुपयोगी वस्तूपासून बचाव करायला कोणी एवढी भक्कम भिंत बांधत नाही.

सोल्डरगन:
कार्डाच्या पोटात काय होतं हे कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो. मेमरीच्या चिप आठ, प्रत्येकी अर्धा जीबी. म्हणजे ४ जीबी खरेच होते, मोजून घ्या. आठ चिपना कॅशेचे (आतल्या छोट्या, झटपट मेमरीचे) आठ तुकडे हवेत, पण ९७० मध्ये त्यातला एक बंद केलेला. समजा आठ खिडक्यांचं कार्यालय आहे आणि आठव्या खिडकीच्या कारकुनाला स्वतःचं दार नाही, तो शेजाऱ्याच्या दारातून ये-जा करतो. शेजारी आत असला की हा बाहेर ताटकळतो. सात खिडक्या मिळून सेकंदाला १९६ जीबी, आठवी एकटी २८. जाहिरातीत लिहिलं होतं २२४. बेरीज करा, बरोबर येते! फक्त नुसतं वाचताना किंवा नुसतं लिहिताना ते दोन आकडे एकाच वेळी मिळत नाहीत.

आता सांगा, हे खोटं की खरं? मी अभियंता म्हणून ही रचना हुशारीची मानतो. तो तुकडा बंद ठेवूनही आठवी चिप वाया जाऊ दिली नाही. लपवलं ते मात्र चुकलंच. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर पत्रात कबूलही केलं की हे आधीच सांगायला हवं होतं.

पण एएमडीच्या 'बुलडोझर' नावाच्या प्रोसेसरवरचा दावा मला अजूनही पटत नाही. 'आठ कोअर' म्हणून विकलेल्या एफएक्स चिपमध्ये चार मोड्यूल, प्रत्येकात पूर्णांकाची गणितं करणारे दोन भाग आणि दशांशाच्या गणितांचा भाग दोघांत मिळून एक. २०१५ मध्ये दावा, २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड. कोअर म्हणजे काय याची व्याख्या कुठल्या कायद्यात आहे? फार पूर्वी दशांशाचं गणित करणारी चिप वेगळी विकत घ्यावी लागायची, तेव्हा प्रोसेसरमध्ये शून्य कोअर होते का? वकिलांनी ठरवायची गोष्ट नाही ही.

कज्जेदलाल:
सोल्डरगन, व्याख्या नाही याचाच तर जाहिरातवाल्यांनी फायदा घेतला! शब्द ढिला होता म्हणून 'आठ' छापता आलं. शेजारच्या खोक्यावर 'चार' बघून ज्याने आठवालं उचललं त्याला चिपच्या रचनेचा तास घेऊन मग पैसे भरायला लावायचे होते का?

पाटीपेन्सिल:
कज्जेदलाल, भिंतीचा मुद्दा मान्य. पण तुमच्या 'समोरच्याच्या खिशातून किती गेले'कडे येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये अशा तडजोडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोटीस मिळालेल्यांपैकी अर्ज करणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ९ टक्के, आणि प्रकरणांच्या आकारमानाचा भार धरून काढलेली सरासरी ४ टक्के. शंभरातले शहाण्णव जण फिरकतच नाहीत.

आणि धाक म्हणाल, तर अ‍ॅपलचं बॅटरी प्रकरण घ्या. जुने आयफोन अपडेटमधून मंद केल्याचं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. त्याच महिन्यात बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलर केल्याचं जाहीर झालं. पुढच्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय आली. तोवर खटले नुसते दाखल झाले होते, कोर्टात काहीच हललं नव्हतं! लोकांनी बोंब ठोकली, कंपनी वाकली. ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड २०२० मध्ये, आणि चेक हातात पडले जानेवारी २०२४ मध्ये. साधारण ९२ डॉलर. वरात पुढे गेल्यावर घोडं आलं.

निंबोणी:
मी आजवर फक्त वाचत होते, पण यावर राहवत नाही. त्या शंभरातल्या उरलेल्या चौघांत मी आहे.

अमेरिकेत राहत होते तेव्हा एका लॅपटॉपच्या बॅटरीच्या दाव्यावरून (कंपनीचं नाव घेत नाही) मला तडजोडीची नोटीस आली होती. आधी वाटलं भामट्यांचा मेल. लांबलचक पत्ता, खाली बारीक अक्षर, 'तुमचे हक्क बाधित होऊ शकतात' असा विषय. फॉर्मला अनुक्रमांक हवा होता. लॅपटॉप तोवर भाच्याला देऊन टाकलेला. त्याला फोन केला, त्याने उलटा करून बघितला तर स्टिकर घासून पांढरं पडलेलं. शेवटी खरेदीची पावती जुन्या मेलमध्ये सापडली, तीवर क्रमांक होता. चौदा महिन्यांनी पाकीट आलं, ११ डॉलर आणि काही सेंट. चेक कागदाचा, म्हणजे फोटो काढून बँकेत भरा, तो दोनदा नाकारला जाणार, मग तिसऱ्यांदा उजेडात धरून.

पाटीपेन्सिल, तुम्हाला वाटेल मी तुमच्या बाजूने बोलतेय. नाही. मला ११ डॉलर नकोच होते. सोबतच्या पत्रात 'कंपनीने कोणतीही चूक मान्य केलेली नाही' हे वाक्य दोनदा होतं, ते झोंबलं. 'तुम्हाला सांगितले तेवढे तास ती बॅटरी चालत नव्हती' एवढी एक ओळ लिहिली असती तर मी चेक फाडून टाकला असता.

कज्जेदलाल:
निंबोणीताई, ती ओळ लिहिली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशातला वकील तीच घेऊन दारात उभा राहील. म्हणून पैसे देतात, शब्द देत नाहीत.

उंटावरचा:
मला दोन्ही बाजूंचं पटत नाही, नावाला जागतोय.

या दाव्यांनी जाहिराती खऱ्या झाल्या का? माझ्या मते त्यांनी तळटिपा वाढवल्या. हार्ड डिस्कचंच बघा. उत्पादक दहाच्या घातांत मोजतो, विंडोज दोनच्या, म्हणून १ टीबीची डिस्क लावली की संगणक ९३१ जीबी दाखवतो. वेस्टर्न डिजिटल, सीगेट यांच्यावरचे दावे झाले आणि '१ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट' ही ओळ खोक्यांवर पक्की बसली. मग सॅनडिस्कवर तीच तक्रार गेली तेव्हा २०२० मध्ये कोर्टाने ती फेटाळली. का? ती ओळ खोक्यावर होती! आधीच्या दाव्यांनी पुढच्या दाव्याचा गळा घोटला. आकडा तोच, अक्षरं तेवढीच मोठी, फक्त मागच्या बाजूला मुंगीएवढी ओळ.

सोल्डरगन:
+१. पण ती मुंगी खरं बोलते एवढं तरी मान्य करा. ९७० च्या खोक्यावर मुंगीसुद्धा नव्हती. आणि तळटीप गिऱ्हाईक वाचत नाही, समीक्षक वाचतो. तो ओरडला की गिऱ्हाइकाला कळतं. मला तेवढं पुरे.

कज्जेदलाल:
आणि सॅमसंगचं काय? गॅलेक्सी एस४ ला बेंचमार्कचं अ‍ॅप दिसलं की ग्राफिक्सची चिप ५३२ मेगाहर्ट्झवर धावायची, एरवी गेममध्ये ४८०. परीक्षक वर्गात आले की पोरगं ताठ बसणार, तसलं. समीक्षकांनी २०१३ मध्येच पकडलं होतं. कंपनीने तेव्हा हात वर केले. दावा लढवत लढवत २०१९ मध्ये तडजोडीला आले, १० डॉलर प्रत्येकी आणि ही युक्ती पुन्हा न करण्याचं बंधन. बोंबेने सहा वर्षांत जे लेखी मिळालं नाही ते दाव्याने मिळालं. पाटीपेन्सिल, अ‍ॅपलचं उदाहरण तुम्ही सोयीचं निवडलंत.

अवांतर: लवादाच्या भिंतीची गंमतही ऐका. अ‍ॅमेझॉनच्या एको यंत्रांवरून (आवाजावर चालणारे स्पीकर) वकिलांनी ७५ हजारांहून जास्त लवाद अर्ज एकेकटे दाखल केले. प्रत्येकाची फी कंपनीनेच भरायची, अट तिचीच. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती अट काढून टाकली. म्हणे, कोर्टातच या!

पाटीपेन्सिल:
एको प्रकरण ठाऊक नव्हतं, हसलो. सॅमसंगबद्दल माघार घेतो, अर्धी. आकड्यांवरचे दावे चालू राहावेत, कारण ५३२ आणि ४८० मोजता येतात. पण आता जे येतंय त्याचं काय करणार? २०२४ मध्ये आयफोन १६ च्या जाहिरातीत नवी सिरी दाखवली, मार्च २०२५ मध्ये सांगितलं उशीर होईल, लगेच दावे. न आलेल्या गोष्टीची कामगिरी कुठल्या मापाने मोजायची? तिथे पुन्हा वकिलांचीच दिवाळी.

उंटावरचा:
न आलेली वस्तू मोजणं सगळ्यात सोपं हो. शून्य.

जाता जाता एक कबुली. माझ्याकडे ९७० होतं. अजून आहे, खालच्या कपाटात, पंखा घरघरतो पण चालतं. २०१६ मध्ये अमेरिकेतच होतो, मेल आला होता. निंबोणींसारखंच मलाही वाटलं भामटे आहेत. त्यांनी पावती शोधली, मी स्पॅम म्हणून खूण करून मोकळा झालो. आत्ता हा धागा वाचून तो मेल शोधायला गेलो, तर स्पॅमची टोपली आपोआप रिकामी होते म्हणे.