दारूला न शिवलेल्या बाबांना सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं). जुना हिपॅटायटीस बी कारण असेल का?

कृष्णाकाठ:
बाबा ६४ वर्षांचे, माळकरी. आयुष्यात थेंब घेतला नाही. पाय सुजले म्हणून साताऱ्याला नेलं, तर सोनोग्राफीत सिरॉसिस, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट ७८ हजार. भावकीत लगेच कुजबुज, "चोरून घेत असणार." मधुमेह बरीच वर्षं आहे. एचबीएसएजी (बी आत्ता अंगात आहे का ते दाखवणारी चाचणी) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी टोटल (बी कधीही झाला असल्याची खूण) पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "कधीतरी बी होऊन गेलाय." आजी सांगते, शाळेत असताना कावीळ झाली होती, गावातच उतरवली. तीच का ही?

जुना_लॅबवाला:
मी डॉक्टर नाही, जन्म रक्त तपासण्यात गेला, तेवढ्यावर सांगतो. शाळेतली ती कावीळ बहुधा नव्हेच. गावाकडे पोरांना होते ती बहुतेक घाणेरड्या पाण्यातून येणारी ए किंवा ई. ती आपली आपण बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं! बी मोठेपणी झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण तो हटवतात. जन्मताना आईकडून आला तर नव्वद टक्के बाळांत मुक्काम ठोकतो, आणि तेव्हा कावीळ दिसतही नाही.

आता तुमचा रिपोर्ट. मोठेपणी बी होऊन काही महिन्यांत गेला असेल, तर सिरॉसिस त्याच्या माथी मारू नका. पण लहानपणापासून आत राहून लिव्हर पोखरत नंतर गेला असेल, तर तो जबाबदार. जुनाट बी असलेल्यांत दरवर्षी शंभरातल्या साधारण एकाचा एचबीएसएजी असा जातो. व्रण मात्र मागे राहतात. अँटी-एचबीसी दोन्हीकडे सारखाच पॉझिटिव्ह, त्यावरून काही कळत नाही. आजी आहेत ना? त्यांचा आणि आत्या-काकांचा एचबीएसएजी करून बघा.

खरं तर माझा संशय साखरेवरही, म्हणजे मधुमेहामुळे लिव्हरमध्ये साचणाऱ्या चरबीवरही, तितकाच आहे. सोनोग्राफीत "फॅटी" लिहिलं नाही म्हणून फसू नका. सिरॉसिस पुढे गेला की चरबी ओसरते. बाबांचं एचबीव्ही डीएनए (रक्तात बीचा विषाणू शोधणारी चाचणी), हिपॅटायटीस सी आणि ऑटोइम्यूनच्या (आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटते त्या आजाराच्या) चाचण्या झाल्यात का, तेही विचारा.

माई_नाशिक:
बी-सीची तपासणी आणि औषधं सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत असतात, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आणि गुळवेलीचा काढा कुणी सुचवला तर नको म्हणा. त्याने लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

कृष्णाकाठ:
आजी आणि धाकटे काका, दोघांचाही एचबीएसएजी पॉझिटिव्ह! काकांना काहीच त्रास नाही. बाबांचं डीएनए निगेटिव्ह, सी आणि ऑटोइम्यूनही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात बी आणि साखर, दोन्ही धरा.

जुना_लॅबवाला:
मग आजींकडूनच आलेला दिसतो. काकांना त्रास नाही म्हणून सोडू नका, त्यांचं डीएनए आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) या महिन्यातच करा. काकूंची, मुलांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील त्यांना लस. बाबांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी चुकवू नका. विषाणू गेला तरी लिव्हरच्या कॅन्सरचा धोका राहतो. पुढे कुणी स्टेरॉइड किंवा केमो द्यायचं म्हटलं तर हा अँटी-एचबीसीचा कागद आधी दाखवा, दबलेला बी उसळू शकतो. गुडघे दुखतात म्हणून बाबा दुकानातून ब्रुफेन आणत असतील तर तेही आजपासून बंद.

कृष्णाकाठ:
हो, बाबा रोज आणतात. आत्ताच काढून घेतो.