मदत हवी आहे: बंद शाळेत सामायिक कार्यशाळा काढायचीय, किल्ली कुणाकडे ठेवावी?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्या वाड्यावरची सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडली. दोन वर्ग, पुढे पडवी, कौलं अजून शाबूत. ती मागून घेऊन सगळ्यांना काम करता येईल अशी जागा करावी, असं आम्हा काही जणांच्या मनात आहे.

कारागिरांची वानवा नाही. दिवाळीतला नरकासुराचा पुतळा, शिगम्याचा (आमच्याकडच्या होळीच्या सणाचा) चित्ररथ, जत्रेतल्या नाटकाचे पडदे, सगळं वाड्यावरच होतं. यंदा पोरांनी गाडीच्या वायपरची मोटर बसवून नरकासुराची मान डावी-उजवीकडे फिरवली. तेही रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली, पावसात. पहाटे नरकासुर जाळला, मोटर तेवढी काढून ठेवली. ही अक्कल वर्षभर वापरली तर कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) माकडांवर काहीतरी तोडगा निघेल, पंप दुरुस्तीला फोंड्याला न्यावे लागणार नाहीत. पण वेल्डिंग मशीन एकाकडे, ड्रिल दुसऱ्याकडे, आणि दोघांचं बोलणं बंद!

इमारत शिक्षण खात्याची. अर्ज थेट खात्याकडे करावा की आधी ग्रामसभेत ठराव घ्यावा? वीजबिल कुणाच्या नावावर? आणि खरी भीती ही, की किल्ली ज्या गटाकडे गेली त्याचाच तो अड्डा होईल. बायका-मुली तर फिरकणारही नाहीत. कुणी असं काही चालवलंय का?

प्रतिसाद १: आधी ठराव. विषय पंचायतीच्या सचिवांकडे लेखी द्या, पोच घ्या. आयत्या वेळी मांडलात तर भांडणातच ग्रामसभेचा रविवार जाईल. जमल्यास पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या, तिथे हाताने काम करत शिकवतात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा झाली. खेडेगावातच आहे, म्हणून सांगतो.

प्रतिसाद २: एवढ्या लांब कशाला? मुंबईत सुरू झालेली मेकर्स असायलम ही सामायिक कार्यशाळा नंतर गोव्यातच आली. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी फेस शील्डचा आराखडा खुला केला आणि देशभरच्या कार्यशाळांनी शील्ड बनवले. किल्लीचं म्हणाल तर एक किल्ली स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांकडे द्या. त्यांचं शिवणयंत्र आधी आत जाऊ दे, ड्रिल मागाहून.

धागाकर्ता: शिवणयंत्राचं डोक्यातच आलं नव्हतं. नाटकाचे कपडेही तिथेच होतील. पण ताई, वीजबिलाचं राहिलंच की!