१०० डिग्रीला पाण्याचा पीएच ६.१४, मग उकळतं पाणी अ‍ॅसिडिक असतं का?

जिज्ञासू: शुद्ध पाण्याचा पीएच ७ असं शिकलोय पण एका तक्त्यात १०० डिग्रीला ६.१४ दिसला. नुसतं तापवून पाणी अ‍ॅसिडिक कसं होईल, त्यात घातलं तर काहीच नाहीये. आणि अजून एक, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पातळ करत १० रेज टू मायनस ८ मोलरवर आणलं की फॉर्म्युल्याने पीएच ८ येतो. अ‍ॅसिड पातळ करून अल्कली??

रसायनवेडा: ७ वर अडकू नका हो. न्यूट्रल म्हणजे एच प्लस (हायड्रोजन आयन) आणि ओएच मायनस (हायड्रॉक्साइड आयन) सारखे असणं, बास. पाण्याचे थोडे रेणू कायम तुटत असतात आणि या दोघांच्या प्रमाणाचा गुणाकार २५ डिग्रीला १० रेज टू मायनस १४, म्हणून प्रत्येकी १० रेज टू मायनस ७, आणि पीएच म्हणजे एच प्लसचा हाच घातांक चिन्ह उलटं करून, म्हणून पीएच ७. तुटायला उष्णता लागते, त्यामुळे पाणी तापलं की जास्त रेणू तुटतात आणि १०० डिग्रीला तो गुणाकार साधारण पन्नासपट होतो. एच प्लस वाढले म्हणून पीएच उतरला, पण ओएच मायनस पण तेवढेच वाढले की! तिथे ६.१४ हेच न्यूट्रल, आणि पीएच ७ असलेलं द्रावण तिथे चक्क अल्कलाइन.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. पाणी स्वतःचे एच प्लस देतं ते तुम्ही धरलेच नाहीत, आणि इथे तेच जास्त आहेत, तुमच्या अ‍ॅसिडचे त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकेच. सरळ बेरीजही चालत नाही, कारण अ‍ॅसिडमुळे पाणी जरा कमी तुटतं. क्वाड्रॅटिक सोडवा, पीएच ६.९८ येईल. कितीही पातळ करा, ७ च्या पलीकडे जाणार नाही.

जिज्ञासू: भारी, समजलं! पण उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर ५.६ च्या आसपास येतं म्हणतात, ते पण असंच का?

लॅबवाली: नाही, ते खरंच अ‍ॅसिडिक. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक अ‍ॅसिड होतं. आणि गरम द्रावण मोजणार असाल तर लक्षात ठेवा, मीटरचं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप (एका पीएचमागे व्होल्टेज किती बदलतं ते) सुधारतं, रीडिंग २५ डिग्रीचं करून देत नाही. म्हणून पीएचसोबत तापमान पण लिहायचंच.