मदत हवी आहे: तिसरा लाकडी घाणा घेऊ का? शनिवारपर्यंत सांगायचंय

घाणेवाला_बार्शी:
माझ्याकडे दोन घाणे आहेत. गेल्या दिवाळीत गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं, म्हणून यंदा तिसरा घ्यायचाय. मशीनवाला म्हणतो शनिवारी बुकिंग द्या, दसऱ्यानंतर भाव वाढेल. बायको म्हणते आधी कागदावर मांडा. मांडत बसलो तर सीझन जाईल. घेऊ का नको, तेवढं सांगा.

पेंड_आणि_तेल:
कसलं तेल काढता? रोज किती घाणे (म्हणजे खेपा) पडतात? काहीच लिहिलं नाहीत.

बिनधास्त_७७:
घ्या हो. मी दुसरा घाणा असाच घेतला, सहा महिन्यांत पैसे वसूल. विचार करणारा मागे राहतो.

हिशेबवही:
तुमचं जमलं, चांगलं झालं. माझ्या मोठ्या भावाचं मशीन दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे, हप्ता मात्र चालूच. असे सल्ले देऊ नका.

बिनधास्त_७७:
भावाला विकता आलं नाही, त्यात मशीनचा काय दोष?

कृषी_पदवीधर:
रोखीने घेऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख. ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. सध्या अर्ज घेतात का, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

सुगरण_लातूर:
काचेच्याच बाटल्या वापरा दादा. प्लास्टिकमध्ये तेलाला वास लागतो.

घाणेवाला_बार्शी:
बाटल्यांचं नंतर बघू ताई. शेंगदाणा तेल. एका घाण्याला १५ किलो दाणे, तासभर लागतो. प्रत्येक मशीनवर दिवसाला चार घाणे.

पेंड_आणि_तेल:
चारच? आठ का नाही? लाइटचा प्रॉब्लेम?

घाणेवाला_बार्शी:
लाइट आहे. दाणे नसतात. दिवाळीआधी हातात पैसा उरत नाही, किराणावाल्यांकडे उधारी अडकते. आठवड्यापुरताच माल भरतो.

हिशेबवही:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं होतं! किती लिटर परत गेलं? दाणे काय भावाने?

घाणेवाला_बार्शी:
२०० लिटर तरी. दाणे १२५ रुपये किलो.

हिशेबवही:
२०० लिटर म्हणजे १८२ किलो तेल. दाण्यातून ४० टक्के तेल निघतं धरलं तर साडेचार क्विंटल दाणे, साधारण ५७ हजार रुपये. आहेत तीच दोन मशीन रोज आठ-आठ खेपा चालवली तर रोज १२० किलो जादा, म्हणजे चार दिवसांचं काम. तेल निवळायला तीन-चार दिवस वेगळे धरा. तिसरा घाणा आणलात तर त्यात घालायला दाणे कुठून आणणार? वहिनी बरोबर सांगताहेत. दसरा ते दिवाळी, कोणत्या आठवड्यात किती दाणे, किती पैसे जाणार, कोणाची उधारी कधी येणार, एवढं लिहा. एका रात्रीचं काम आहे.

बिनधास्त_७७:
आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक दुप्पट झालं तर?

हिशेबवही:
दोन्ही मशीनवर मिळून सोळाही खेपा रोज पडायला लागल्या की घ्या. तेव्हा मीच सांगेन.

पेंड_आणि_तेल:
नव्या खरीप शेंगा येताना ओल बघून घ्या. ओले दाणे साठवले तर बुरशी धरते, सगळा माल जातो.

घाणेवाला_बार्शी:
मशीनवाल्याला थांब म्हणालो. बायकोने वही काढली. तीन किराणावाल्यांकडेच ४१ हजार निघाले, मला २० वाटत होते. उद्या आडतीवर जातो. ही उधारी दसऱ्याआत वसूल करायची कशी? जुनी गिऱ्हाइकं आहेत, तोडायची नाहीत.

सुगरण_लातूर:
दादा, करडईचं तेल काढून देता का?