कालाकुंड स्टेशनवरचा जुना फोटो – मदत हवी आहे
मंडळी, रामबागेतलं घर आवरताना आजोबांचा एक फोटो सापडला. इंदूरजवळचं, पाताळपाणीच्या घाटाखालचं कालाकुंड स्टेशन, मागे वाफेचं इंजिन आणि हातात पळसाच्या पानावरचा कलाकंद (तो मात्र लगेच ओळखू आला!). इंजिनाची पाटी अर्धी झाकलीय, ‘वायजी’ एवढंच वाचता येतं. वाय म्हणजे मीटरगेज (एक मीटर रुंदीचा रूळमार्ग), जी म्हणजे मालगाडीचं, इथवर माझी मजल. पण मागचे डबे तर प्रवाशांचे दिसतात! पाताळपाणीचा घाट चढायला जादा इंजिन जोडायचे, ते हेच का? याच घाटात 2018 पासून पर्यटकांसाठी असलेली हेरिटेज गाडी डिझेलवर चालते, त्या गाडीवर विचारून काही कळलं नाही. कुणाच्या घरी रेल्वेतले काका-आजोबा असतील तर जरा विचाराल का? आणि फोटोला कसर लागलीय, नीट स्कॅन करून देणारं इंदुरात कुणी असेल तर तेही सांगा.